कोयरीला सोंड कुणी लावली

शाहूपुरी, कोल्हापूर
गुरुवार, दुपारचे तीन (ऑफिसात, हाताशी काम असल्याचा चेहरा करून)

तीर्थरूप चनबसाप्पाकाका यांना, आणि त्यांचा चष्मा सापडेपर्यंत पाकीट फोडून निम्मं पत्र वाचून झालेल्या शांतव्वाकाकूंना, धाकट्या अमरेशचे शरणु शरणार्थी. काका, तुमची साखर कशी आहे? (काकू, खरा आकडा तुम्ही कळवा. काका एका चांगल्या सकाळचा आकडा महिनाभर सांगत हिंडतात, हे मला ठाऊक आहे.) काकूंच्या गुडघ्याला ते नवीन तेल लागू पडलं का? बारा माग सुरळीत चालू असतील. मी इथं मजेत आहे असं लिहायची पद्धत आहे, पण मी मजेत नाही, तेव्हा तेवढं सोडून देतो.

आजकाल पत्र कोण लिहितं, असं तुम्ही म्हणाल. पण फोनचा मार्ग आपल्या घरात बंद आहे. चाळीस वर्षं मागांच्या खडखडाटात उभं राहून तुमचे कान थकले, आणि कानात घालायचं यंत्र तुम्ही देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवता, कारण ते घातलं की माग दुप्पट ऐकू येतात. मग मी फोन केला की तुम्ही "हां तम्मा, जेवलास का?" एवढं विचारता, माझं उत्तर न ऐकता "बरं बरं" म्हणता आणि ठेवता. मोबाइलवर लिहून पाठवावं तर मोबाइल काकूंकडे असतो, आणि काकूंकडे आलेला मजकूर कबनूरच्या निम्म्या गल्लीला मोठ्यानं वाचून दाखवला जातो. हा मजकूर मोठ्यानं वाचण्यासारखा नाही. काकू, तुम्ही आत्ता वाचत असाल तर कृपा करून मनात वाचा.

परवा मंगळवारपासून मी नीट जेवलेलो नाही. डाव्या हाताची पाचही नखं खाऊन संपली, उजव्या हाताची काल सुरू केली. डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी रक्तदाब मोजला, माझ्या तोंडाकडं बघून पुन्हा मोजला आणि घरी कोण कोण असतं असं विचारलं. मुलीचं प्रकरण नाही (काकू, उगाच आशा धरू नका), पोलिसांचं नाही, नोकरीही अजून आहे. प्रकरण आहे दस्तगीर चाचांचं. काका, नाव वाचून पत्र खाली ठेवू नका. चौदा महिन्यांपूर्वी माग सांभाळणाऱ्या ज्या जॉबरला तुम्ही भर कारखान्यात बोललात, आणि जो बावीस वर्षांच्या नोकरीतून फक्त आपला पाना आणि डबा उचलून निघून गेला, त्या माणसानं काहीही केलं नव्हतं. केलं होतं ते मी. झालं, लिहिलं एकदाचं. पाणी पिऊन येतो.

आलो. आता मुळापासून सांगतो, कारण मुळापासून सांगितलं की माझा दोष जरा उशिरा येतो. नऊ वर्षांपूर्वी मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असताना तुमच्या दोन जेकार्डांना, म्हणजे साडीच्या काठावर नक्षी उठवणाऱ्या यंत्रांना, एक जुना संगणक जोडून दिला होता. (तुम्हाला जेकार्ड म्हणजे काय ते मी सांगायला नको, पण घाबरलो की मी ठाऊक असलेलं सांगत सुटतो.) पहिल्याच वर्षी त्याच्या तीन हार्ड डिस्क गेल्या. मागांचा हादरा आणि कापसाची तूस, दोन्ही त्या फिरत्या चकतीला सोसेनात. तेव्हा मला अक्कल सुचली. संगणकाची जी आठवणीची चिप असते तिच्यातच थोडी जागा धरायची आणि संगणकाला सांगायचं, हीच तुझी डिस्क समज. तिला रॅम डिस्क म्हणतात. फिरत काही नाही, त्यामुळं हादऱ्यानं बिघडत काही नाही. वीज गेली की मात्र सगळं पुसलं जातं, पाटीवरून ओला हात फिरवल्यासारखं. म्हणून रोज सकाळी पेन ड्राइव्हवरून नक्षी नव्यानं भरायची, आणि तो पेन ड्राइव्ह तुम्ही विभूतीच्या डबीत ठेवायचा असा नेम पडला. (विभूती आत जाऊन तो दोनदा बंद पडला होता आणि मी गुपचूप नवा आणून ठेवला होता. आज सगळंच सांगतोय तर हेही.)

पुढं तुम्ही म्हणालात, सांगलीचे शेठ आणि बेळगावचे सावकार यांच्या नक्ष्या एकमेकांत मिसळता कामा नयेत, मी दोघांना शब्द दिलाय. मी त्या रॅम डिस्कचे दोन कप्पे करून दिले. पहिला सांगलीचा, त्यात कोयरी. दुसरा बेळगावचा, त्यात हत्ती. त्यावर तुम्ही आणखी एक नेम घातलात. सांगलीचे शेठ आजोबांच्या वेळेपासूनचे, तेव्हा मान त्यांचा. रोज आधी त्यांचा कप्पा उघडायचा, मग बेळगावचा. मला तेव्हा हसू आलं होतं. संगणकाला मानपान काय कळतंय, असं मी काकूंजवळ बोललोही होतो. त्या मानापायी आपला कारखाना सात वर्षं वाचला, हे मला परवा कळलं.

मग गेल्या वर्षीच्या श्रावणात सांगलीच्या शेठजींच्या घरी मयत झाली. सुतकात त्यांचं नाव आधी नको म्हणून त्या सकाळी तुम्हीच सांगितलंत, आज बेळगावचं आधी उघडा. दस्तगीर चाचांनी उघडलं. चार दिवस तसंच चाललं, आणि चौथ्या दिवशी घडी घालणाऱ्या बायकांच्या लक्षात आलं की कोयऱ्यांना सोंडा फुटल्यात. खालून चांगली भरलेली, गोंडस कोयरी टोकाशी वळायच्या जागी एकदम हत्ती होऊन सोंड वर करून उभी. एकशे चाळीस साड्यांवर. शेठजी सुतक संपताच आले ते, आमची नक्षी बेळगावला दिली, असं ओरडतच आले. तुमचा शब्द गेला. तुम्ही मला कोल्हापुराहून बोलावून घेतलंत. मी आलो, संगणक बंद केला, चालू केला, नेमाप्रमाणे आधी सांगलीचा कप्पा उघडला, मग बेळगावचा. कोयरी कोयरीसारखी, हत्ती हत्तीसारखा. मी हात झटकले आणि सगळ्यांदेखत म्हणालो, "मशीन बरोबर आहे."

तीन शब्द, काका. मशीन बरोबर असेल तर माणूस वाईट, असा अर्थ तुम्ही तिथल्या तिथं काढलात आणि मी तो काढू दिला. दस्तगीर चाचा तेव्हा काय म्हणाले ते तुम्हाला ऐकू आलं नसणार, माग चालू होते. मला आलं होतं. "मालक, दुसरं आधी उघडलं की ह्यो पयल्यात घुसतोय. तीनदा बघितलंय म्या." (इथं आधी मी 'दोनदा' लिहिलं होतं. खाडाखोड का झाली ते शेवटी कळेल.) मी ते नीट ऐकलं, आणि मनात म्हटलं, पाना फिरवणारा माणूस, याला संगणकातलं काय कळतंय. मी इंजिनिअर होऊन तेव्हा सात वर्षं झाली होती, काका, आणि त्या सात वर्षांत इतकं ठाम मत मी दुसऱ्या कशाबद्दलही केलं नव्हतं. चाचा गेले. काकूंनी सोंडेच्या साड्या नात्यागोत्यात वाटून टाकल्या, आणि तेव्हापासून मी ज्या लग्नाला जातो तिथं कुणीतरी मावशी ती सोंड नेसून समोर येतेच.

चाचा आता इथं शाहूपुरीत शिलाई मशीन दुरुस्त करायला बसतात. रोज कबनूरहून एसटीनं येतात आणि संध्याकाळी जातात. तुम्हाला हे ठाऊक आहे की नाही मला ठाऊक नाही. त्यांची टपरी माझ्या ऑफिसच्या बरोबर वाटेवर आहे. म्हणून चौदा महिने मी मागच्या गल्लीनं वळसा घालून येतो. त्या गल्लीत एक कुत्रं आहे, ते मला रोज पहिल्यांदाच बघितल्यासारखं भुंकतं. तरी मी तिकडूनच येतो. कुत्र्याला निदान मी काही बोललेलो नाही.

आता ऑफिसचं. आमच्या नुजहत मॅडमचं ऑफिस दूध संकलन केंद्रांवरची यंत्रं बनवतं आणि त्यांतही रॅम डिस्क असते. मागच्या महिन्यात मॅडमनी गायीला एक कप्पा, म्हशीला एक कप्पा असा प्रयोग केला, आणि म्हशीच्या दुधाला गायीचं फॅट दिसायला लागलं. मला म्हणाल्या, बघ जरा. बघितलं तर दोष आमच्या यंत्रात नव्हताच, ड्रायव्हरमध्ये होता. ड्रायव्हर म्हणजे संगणकातला जॉबर. वरून मालकाचा हुकूम येतो, खाली यंत्र असतं, आणि मध्ये उभा राहून काम करून घेतो तो. रॅम डिस्कचा हा ड्रायव्हर जगभरची माणसं मिळून लिहितात आणि जगभर तो फुकट वापरला जातो. त्यात कप्प्यांना नंबर द्यायची जी सोय आहे तीच मुळात बिघडलेली निघाली. पहिला कप्पा आधी उघडला तर सगळं सुरळीत. दुसरा आधी उघडला तर त्याला पहिल्याच्या पोटातला नंबर मिळतो, आणि त्याचा माल पहिल्यात जाऊन पडतो. (होय काका, इथंच माझ्या डोक्यात उजेड पडायला हवा होता. पडला नाही. मी गाय आणि म्हैस यांच्यात गुंतलो होतो.)

दोन मार्ग होते: ती सोय दुरुस्त करायची, नाहीतर सोयच काढून टाकायची. दुरुस्तीला साठ-सत्तर ओळी नव्यानं लिहाव्या लागतात, आणि त्यातली एक चुकली तर जगभर नाव खराब. काढायला सव्वीस ओळी नुसत्या खोडायच्या. तुम्ही तुटलेला धागा गाठ मारून जोडता; मी ताण्याच्या धाग्यांचा अख्खा बीम उतरवून कोपऱ्यात उभा केला. ती खोडाखोड मी त्या जगभरच्या माणसांच्या यादीवर पाठवली. यादी म्हणजे असा कट्टा, की तिथं बोललेलं कधी पुसलं जात नाही, तुमच्या नातवंडांनाही वाचता येईल, आणि खाली स्वतःचं पूर्ण नाव घालून 'याला मी जबाबदार' अशी सही करावी लागते. कारण म्हणून मी लिहिलं, ही सोय बिघडलेली आहे आणि जगात कोणीही ती वापरत नाही. पाठवण्याआधी एकोणीस वेळा वाचलं. दोन स्वल्पविराम काढले, एक परत घातला. ते वाक्य मला एकोणीसही वेळा बरोबर वाटलं.

चार दिवसांनी उत्तर आलं. त्या ड्रायव्हरची राखण करणारे एक गृहस्थ आहेत, कुठल्यातरी बर्फाच्या देशात राहतात. त्यांनी एवढंच लिहिलं होतं: तुला कसं ठाऊक? ना नमस्कार, ना कळावे. मला वाटलं त्यांनी माझ्या कॉलेजात फोन लावून चौकशी केली असणार. खरंच की, मला कसं ठाऊक? मी कुणाला विचारलं होतं? पुढच्या पत्रात त्यांनी जरा फोड करून सांगितलं की वापरणारा एक जरी सापडला तरी आपण दुरुस्त करू, नाही सापडला तर सोमवारी काढून टाकू. मी सुटकेचा श्वास सोडला आणि वहीत एक तक्ता आखला, 'संभाव्य वापरणारे' म्हणून. त्यात पहिल्या ओळीत लिहिलं, 'गाय-म्हैस, आता बंद'. दुसरी ओळ दोन दिवस कोरी राहिली. आता हसू येतं, म्हणजे रडूच येतं, पण ऑफिसात असल्यामुळं हसतो.

मंगळवारी नुजहत मॅडम साडी नेसून ऑफिसला आल्या, कारण दुपारी त्यांच्या भाचीचा साखरपुडा होता. फळ्यापाशी उभ्या राहून त्या काहीतरी समजावत होत्या आणि मी त्यांच्या साडीच्या काठाकडं बघत होतो. दिवाळीला काकूंनीच माझ्या हाती दिलेली साडी, 'तुझ्या मॅडमना दे, त्या तुला सांभाळून घेतात' म्हणून. कोयरी, सोंड. कोयरी, सोंड. कोयरी, सोंड. मॅडमनी विचारलं, अमरेश, काय बघतोयस? मी म्हणालो, सोंड. मॅडम आणि मी सोडून ऑफिसात सात माणसं आहेत, काका. सातही जणांचे हात टायपिंग करता करता थांबले. मी उठलो, सोंड कुठून सुरू होते ते मोजायला फूटपट्टी घेतली, आणि ती घेऊन मॅडमच्या दिशेनं दोन पावलं टाकली तेव्हा मला कळलं की हे बाहेरून कसं दिसत असेल. मी ती फूटपट्टी तिथंच कुंडीतल्या मातीत खुपसून ठेवली, जणू त्यासाठीच उठलो होतो.

मॅडम मोठ्या मनाच्या बाई. मी बाजूला जाऊन सगळं सांगितलं, श्रावण, सुतक, चाचा, 'मशीन बरोबर आहे', सगळं. त्यांनी ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी साडी पिशवीतून ऑफिसला आणली. मोठ्या टेबलावर पसरली, भिंग आणलं, आणि आम्ही दोघांनी सुईच्या टोकानं नक्षीच्या ओळी मोजल्या. एका वेळी एकानं मोजायचं, दुसऱ्यानं आकडा लिहायचा आणि कुणीही बोलायचं नाही. (मध्ये एकदा मला शिंक आली आणि तीनशे चाळीसपासून पुन्हा सुरुवात करावी लागली.) पाच कोयऱ्या मोजल्या. पाचही कोयऱ्या पाचशे बारा ओळींपर्यंत निर्मळ, आणि पाचशे तेराव्या ओळीला हत्ती सुरू. पाचही. काका, पाचशे बारा हा माणसाच्या हातचा आकडा नाही. माणूस चुकतो तो कुठंही चुकतो, चारशे सत्तरला चुकेल, सहाशेला चुकेल, चहा आला की चुकेल. संगणक मात्र माल मोजतोच पाचशे बाराच्या मापानं, म्हणून तो चुकला तर बरोबर पाचशे बारावरच चुकतो. एकशे चाळीस साड्यांवर धाग्यात विणून ठेवलं होतं की दस्तगीर चाचांनी काही केलेलं नाही, आणि आम्ही त्या साड्या भाचवंडांच्या बारशाला नेसत होतो. मॅडमनी भिंग खाली ठेवलं आणि मला चहा सांगितला. तसं रडू येण्यासारखं माझं वय नाही, पण आलं.

तेव्हा यादीवर लिहिलं: मी चुकलो, वापरणारा आहे, कबनूरला आहे, माझा काका आहे, आणि सोबत त्याच्या कोयरीचा फोटो जोडला आहे. (काका, तुमची कोयरी जगभर गेली. सांगलीच्या शेठजींना हे कृपया कळवू नये.) बर्फाचे गृहस्थ या वेळी त्याच संध्याकाळी, आणि चक्क चार ओळी बोलले. फोटो फार आवडला म्हणाले, सोमवारच्या आत दुरुस्ती पाठव म्हणाले, आणि विचारलं की हा दोष पहिल्यांदा पकडला कुणी. कारण तिथली रीत अशी आहे की दुरुस्तीखाली ज्यानं दोष कळवला त्याचं नाव लिहायचं, पूर्ण नाव, कायमचं. मी पटकन स्वतःचं नाव टाइप केलं. मग खोडलं. हा दोष समजावून सांगायला मला सोळा ओळी लागल्या होत्या. दस्तगीर चाचांनी तो चौदा महिन्यांपूर्वी एका ओळीत सांगितला होता, काय केलं की काय होतं, किती वेळा बघितलं, सगळं. जगातल्या कुठल्याही इंजिनिअरनं इतकं नेमकं कळवलं असतं तर आम्ही त्याचा सत्कार केला असता.

रात्रभर जागून दुरुस्ती लिहून झाली आहे. एकाहत्तर ओळी. सकाळपासून तेवीस वेळा वाचली, आणखी वाचीन. बाकी लिहिण्यासारखं काही नाही. (आहे, पण ते सही केल्यावर लिहायला धीर येतो.) काकूंना नमस्कार, त्यांच्या गुडघ्यांनाही.

तुमचा,
मशीन बरोबर आहे म्हणणारा
अमरेश

ता. क. : पत्र लिहायचं खरं कारण असं की माणसाला विचारल्याशिवाय त्याचं नाव असं जगापुढं लिहिता येत नाही. आणि चाचांनी दोष मला कुठं कळवला होता, तुम्हाला कळवला होता. तेव्हा विचारायला तुम्हीच जायला हवं. (असा काही नियम नाही. पण असता तर मला फार बरं झालं असतं.) रविवारच्या आत जा. घर तुम्हाला ठाऊक आहे, त्यांच्या जुलेखाच्या लग्नात पंगतीला वाढायला तुम्हीच उभे होता. नाव विचाराल त्याच्या आधी दुसरं काहीतरी बोलावं लागेल, ते काय ते मी सांगायला नको. आणि जाताना कानात यंत्र घाला. या वेळी ते काय म्हणतात ते ऐकू यायला हवं.

आणखी एक ता. क. : तुम्हाला जायला सांगून मी मात्र वळसाच घातला. पत्राची पेटी चाचांच्या टपरीसमोर आहे म्हणून मी मागच्या गल्लीनं पोस्टातच निघालो, तर त्या गल्लीतल्या चहाच्या गाड्यापाशी चाचा बाकावर बसलेले, आणि ते कुत्रं त्यांच्या पायाशी गुमान पडलेलं. मी तिथंच थिजलो. म्हणाले, "या साहेब. चौदा म्हैनं हिकडनं जातायसा, आज बसा की." त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं! मी हे पत्रच पुढं केलं. त्यांनी सगळं वाचलं, तीन चहांमध्ये. एकदा थांबले, "दोनदा न्हवं, तीनदा बघितलतं म्या," म्हणाले, आणि माझ्याच पेननं मला ते दुरुस्त करायला लावलं. मग घडी घालून पत्र माझ्या हातात दिलं. मी माफी मागितली, तेव्हा नुसतं "व्हय" म्हणाले. नावाला हरकत नाही, पण अट आहे. नवा ड्रायव्हर तुमच्याच कारखान्यात लावायचा, दुसरं आधी उघडून बघायचं, तुम्ही आणि ते समोर बसून. आणि तपासणारा म्हणून चनबसाप्पा असं तुमचंही नाव यादीवर जाऊ दे. "पर माझ्या नावाच्या खाली, हां." मी सांगितलं की कळवणारा वर आणि तपासणारा खाली, असाच क्रम लावीन. म्हणाले, "मग ब्येस हाय की."

शेवटचं, घाईत, चहाच्या गाड्यावरून : पत्र पोस्टात टाकत नाही. "मी सांजच्या गाडीनं जातोयच की, देतो मालकास्नी," असं म्हणून चाचांनीच ते मागून घेतलं. म्हणजे तुमच्या हातात त्यांनी ते ठेवलं असेल, तुम्ही दोघं एक अक्षर बोलला नसाल, आणि तुम्ही आत जाऊन चष्मा शोधला असेल. आधी मालकांनी सगळं वाचावं, हाक मारल्याशिवाय मी उंबरा ओलांडणार न्हाय, असं ते म्हणालेत. काका, हे मला आत्ता पाकीट चिकटवताना लक्षात येतंय. तुम्ही साखर, गुडघा, विभूती, गाय, म्हैस, कुत्रं, सगळं सावकाश वाचत इथवर आलात तोवर तो माणूस बाहेर पायरीपाशी उभा आहे. हे पहिल्या पानावर लिहायला हवं होतं, पण तिथं आता जागा नाही. मी इतकं लांबवायला नको होतं. ते दार वाजवणार नाहीत, आणि वाजवलं तरी तुम्हाला ऐकू जाणार नाही. काका, उठा.